रेकॉर्ड रूममधला रोजा

रमजानचे किस्से आमच्या ऑफिसात दरवर्षी साठतात. यंदाचे मात्र सगळे माझ्याच डोक्यावर साठले. दमलोय, पण सांगतो.

*

कळत्या वयापासून एक रोजा चुकवला नव्हता. यंदा शुगर वाढली, इन्सुलिन सुरू झालं आणि डॉक्टरांनी साफ सांगितलं, "मुकादम, रोजे बंद!"

मी म्हटलं, "अल्लाला काय सांगू?"

"माझं नाव सांगा! माझे निम्मे पेशंट तेच सांगणार आहेत."

*

बायको स्वतः रोजा धरते आणि सकाळी आठला मला घावणे करून वाढते. वर दम देते, "आजाऱ्याला माफ आहे. खावा गप!"

माफ आहे, ते मलाही ठाऊक आहे. पण तिच्या सुकलेल्या ओठांसमोर घास गिळायची लाज वाटते हो. पूर्वी पोट रिकामं असायचं, पण मनाला बरं वाटायचं. आता पोट भरतं आणि दिवस काही केल्या सरत नाही.

*

ऑफिसात कुणाला सांगितलं नाही. जीभच रेटेना. पहिल्याच दिवशी शिपाई गुरवने अकराचा चहा परस्पर व्हरांड्यात नेला. "भाईंसमोर घोट उतरत नाही घशाखाली!"

सगळ्या ऑफिसने उन्हात उभं राहून चहा घेतला. आत पंख्याखाली मी एकटा. त्या चहाची अशी तलफ आली होती, काय सांगू!

*

दुपारी गोळीच्या वेळेला मी रेकॉर्ड रूममध्ये. जुन्या गठ्ठ्यांमागे उभं राहून दोन बिस्किटं खायची, कागद तिथेच कोपऱ्यात कोंबायचा. एकदा तोंडात अख्खं बिस्कीट आणि दारात गुरव! मागे हेड क्लार्क साळवी मॅडम.

"भाई, पाली गावची फाईल कुठाय?" गुरवने विचारलं. मी नुसतं बोट दाखवलं.

त्याने परत विचारलं, तशा मॅडम त्याच्यावरच ओरडल्या, "रोजा आहे त्यांचा! उगाच बोलायला लावू नकोस."

*

गेल्या शुक्रवारी ऑफिस सुटलं, तरी मॅडम थांबल्या. मलाही थांबवलं. टेबलावर खजूर आणि पाण्याचा ग्लास. दिवसभर त्या चहाला उठल्या नव्हत्या, डबाही तसाच बंद.

"आज मी रोजा धरलाय, भाई. पाणीसुद्धा नाही!"

आता खरं बोलणं भाग होतं. "मॅडम, मी…"

"बिस्किटांचे कागद रोज मीच उचलते," त्या म्हणाल्या. "तुमचे चुकतायत ना, त्यातला एक मी धरला. चालतो ना?"