भोपळ्याची पात्रता

गर्भाशय काढल्यावर डॉक्टरबाईंनी बजावलेलं, रोज थोडं थोडं चाला, जड उचलू नका. थोडं म्हणजे किती आणि जड म्हणजे काय, हे मात्र ठरवलं वर्तकनगरला आमच्या कॉलनीच्या गेटपाशी बसणाऱ्या भाजीवालीने.

पहिल्या दिवशी मी पोटावर हात धरून गेटपर्यंत पोचले आणि दोन किलो बटाटे मागितले. तिने माझ्या हाताकडे पाहिलं. म्हणाली, "कोथिंबीर ने."

पुढच्या आठवड्यात मेथी मिळाली. मग भेंडी, तीही पावशेर. तोलताना ती काट्याकडे बघायचीच नाही, मी चालत कशी आले ते बघायची. जरा ताठ आले की दोन कांदे जास्त पडायचे.

एकदा मी वैतागलेच. "ओ मावशी, गिऱ्हाईक मी आहे ना?"

"माझं ऑपरेशन झालं तेव्हा मी बाराव्या दिवशी पाटी उचललेली," भाजीवर पाणी शिंपडत ती म्हणाली. "मला कोण अडवणार होतं? आता शिंक आली तरी भिंत धरते." आणि हसली, पण एक हात पोटावर दाबून.

दोन महिन्यांनी डॉक्टरबाईंनी सगळी मोकळीक दिली. मी ऐटीत अख्खा लाल भोपळा मागितला. तिने मला बिल्डिंगपर्यंत जाऊन परत यायला लावलं, नीट निरखलं, मग भोपळा मधोमध चिरला. अर्धा मला दिला आणि उरलेला गोणपाटाखाली सरकवला.

"हा परवा. तूच चालत ये," ती म्हणाली. "नवऱ्याला पाठवलंस तर देणार नाय."