आम्ही बेसमेंटमध्ये डोकावत नसू

इकडे परदेशात, व्हिटबीच्या आमच्या घराचं बेसमेंट भाड्याने दिलं तेव्हा ह्यांनी मला बजावलं होतं, खाली अजिबात डोकावायचं नाही. भाडं देतो ना, मग ते त्याचं घर. भाडेकरू पन्नाशीचा, एकटा, शांत. होळीला मी जिन्यावर पुरणपोळ्यांचा डबा ठेवायचे, दुसऱ्या दिवशी तो घासूनपुसून परत यायचा. एवढीच काय ती ओळख.

सहा वर्षांनी एका सकाळी पोलीस आले. खाली तो नशेच्या गोळ्या बनवत होता म्हणे. त्याला घेऊन गेले. आमच्यावर आरोप कसलाच नव्हता, पण काही दिवसांत सरकारचे कागद आले: घर गुन्ह्यासाठी वापरलं गेलं, म्हणून ते जप्त करायचंय. आम्ही जबाबदार मालक होतो, हे सिद्ध करायचं आम्हीच. कर्म माझं! जे ठाऊकच नव्हतं, ते ठाऊक नव्हतं हे दाखवायचं कसं?

तो विंटर मला धड आठवतही नाही. बाहेर बर्फ पडत राहायचा, आत पांढरा उजेड साचून राहायचा. मी या खोलीतून त्या खोलीत जायचे आणि कशाला आले ते विसरायचे. भिंतीवर हात ठेवून नुसती उभी राहायचे. दुपारी डोळा लागला की वाटायचं, आपण इथे पाहुणे आलोय, चहा झाला की निघायचं.

वकीलबाईंनी विचारलं, कधी खाली जाऊन पाहणी केलीत? हे ताठ बसून म्हणाले, सहा वर्षांत एकदाही नाही. वर अभिमानाने! असा संताप आला मला ह्यांचा. त्या सभ्यपणापायीच घर जायची वेळ आली होती.

त्याच सुमारास हा कायदा बदलावा का, यावर आमदारांच्या समितीने लोकांना बोलवलं. मीही गेले. पाच मिनिटं मिळाली. "आम्हाला ठाऊक होतं हे तुम्ही सिद्ध करा, मग खुशाल घ्या घर," एवढंच मी सांगितलं. सगळ्यांनी माना डोलावल्या, आभार मानले. कायदा आहे तिथेच आहे.

घर वाचलं ते सरकारशी केलेल्या तडजोडीने. अट अशी, की दर महिन्याला बेसमेंटची पाहणी करायची आणि लेखी नोंद ठेवायची. आता तिथे एक नर्स राहते, गरीब स्वभावाची पोर. हे तिला आदल्या दिवशी कळवतात, मग नोंदीचे कागद घेऊन खाली उतरतात, कपाटं उघडतात, कोपरे बघतात.

परवा वर आले आणि सिंकपाशी कितीतरी वेळ हात धूत राहिले. काय झालं म्हणून विचारलं, तर माझ्याकडे न बघताच म्हणाले, "बाथरूममध्ये तिचे कपडे वाळत होते गं. मला पडदा सारून मागे बघावं लागलं."