गाडीतला मोहा आणि यशोधराबाई

आमच्या यशोधराबाई आज सकाळी गेल्या. त्यांच्या गाडीचं ऑइल आयुष्यभरात दुसऱ्या कुणी बदललं नाही.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. धानोरा तालुक्यात मी ज्या उपकेंद्रावर नर्स आहे, तिथं माझ्या आधी त्या होत्या. तीसेक वर्षं, एका जुन्या हंड्रेड सीसी मोटारसायकलवर.

मी नवीन रुजू झाले तेव्हा त्यांच्या रिटायरमेंटला वर्ष उरलं होतं. शिकवायला म्हणून मला त्यांच्या हाताखाली दिलं.

पहिल्या रविवारी बघते तर बाई उपकेंद्राच्या ओट्यावर, पांढऱ्या साडीचा पदर खोचून, टूथब्रशनं प्लग घासत बसलेल्या.

मला हसू आलं. माझी गाडी नवीन, सर्व्हिसिंग गडचिरोलीच्या शोरूममध्ये. तिथं एसी, तिथं चहा, तिथं जॉब कार्ड.

"बाई, त्यांना कंपनीचं ट्रेनिंग असतं," मी म्हटलं.

"असते ना. पन त्याहीले तुहा रस्ता मालूम हाय का?"

मला तो जुन्या माणसांचा हेकटपणा वाटला. खरं सांगते, थोडी कीवही आली.

त्या उन्हाळ्यात मी दीड महिना सुट्टीवर होते. गाडी सासरी अंगणात उभी होती, आणि त्याच अंगणात सासूबाईंनी मोहफुलं वाळत घातली होती.

परत यायच्या आधी नवऱ्यानं गाडी शोरूममधून सर्व्हिस करून आणली. आरशासारखी चकाचक. "जरा जड चालते," तो म्हणाला, "पण नवीन ऑइल आहे, होईल मोकळी." जॉब कार्डावर सगळीकडे बरोबरच्या खुणा. एअर फिल्टर क्लीन, अशीही एक.

आठवड्याभरातच एका सकाळी निरोप आला. अकरा किलोमीटरवरच्या गावात पहिलटकरीण अडलीय. ॲम्ब्युलन्स दुसऱ्या टोकाला गेलेली.

आणि बाईंची गाडी नेमकी उघडी पडलेली. ऑइल घमेल्यात निथळत होतं.

मी मनातल्या मनात जिंकले. "बसा बाई, माझी आहे ना."

अर्ध्या रस्त्यात, चढावर, गाडीनं मान टाकली. किक मारून मारून पाय भरून आला. आजूबाजूला सागाचं जंगल, मोबाइलला रेंज नाही. पुढं एक बाई कळा देतेय आणि इथं आम्ही दोघी रस्त्यात उभ्या.

मला रडू यायला लागलं. हसाल, पण मी पर्समधून जॉब कार्ड काढून वाचत होते.

बाई खाली उतरल्या. सायलेन्सरच्या तोंडात बोट फिरवलं, काजळी पाहिली, वास घेतला.

"पेट्रोल पिऊन राह्यली, पन श्वास नाई घेऊन राह्यली."

पिशवीतून पाना काढला, स्क्रू ड्रायव्हर काढला. ब्लडप्रेशरच्या मशीनशेजारी हे सगळं कायम असायचं. बाजूचं पॅनल काढलं, फिल्टरचा डबा उघडला.

आत मोहफुलं. ओंजळभर, गच्च दाबलेली, वर चिंध्यांची गादी. उंदरानं पावसाळ्याची बेगमी केली होती.

बाईंनी एक फूल नाकाशी धरलं. "तुह्या सासूनं मोहा मस्त वाळवला बाप्पा."

त्या अवस्थेतही मला हसवलं त्यांनी.

मग डबा झटकला, फिल्टर पिळून झटकला, पदरात धरून गरम प्लग काढला, घासला, लावला. सगळं मिळून दहा-बारा मिनिटं. एकदाही हात चुकला नाही, एकदाही घाई नाही. पूजेला बसलेल्या माणसाकडं बघावं तशी मी बघत राहिले.

पहिल्या किकला गाडी सुरू.

गावात पोचलो. तिथली आशाताई दारातच होती, पाणी तापवून, साबण घेऊन. मी कोपरापर्यंत हात धुतले, ग्लोव्हज चढवले, आणि बाईंसाठी बाजूला झाले.

त्यांनी दोन्ही हात पुढं केले. मनगटापर्यंत काळेकुट्ट.

"हे हात घेऊन कशी जाऊ? तूच जा."

"बाई, मी एकटीनं कधीच नाही केली."

"एकटी कुठी? मी हावो ना दारात."

मी आत गेले. बाळाचं डोकं बाहेर आलं आणि मानेभोवती नाळेचा वेढा. "बाई, मानेला नाळ!" मी ओरडले.

दारातून आवाज आला, अगदी शांत. "बोट घाल, ढिली कर, डोक्यावरून काढ. ओढू नोको."

तसंच केलं. मुलगी झाली. रडली. तिची आईही रडली, मीही रडले.

सगळं आवरून बाहेर आले तर बाई ओट्यावर बसून होत्या. हात तसेच काळे.

शेजारी बादली होती, कोमट पाण्यानं भरलेली. साबणही तिथंच, मी वापरलेला, अजून ओला.

बराच वेळ मी त्या साबणाकडं बघत राहिले.

"बाई, हात धुवायला किती वेळ लागला असता?"

"दोन मिनिटं."

"मग का नाही धुतले?"

त्या उठल्या. पहिल्यांदा बादलीत हात घातले.

"धुतले असते तं पुढच्या साली तू मले कुठी शोधत बसली असती? मी तं रिटायर होऊन राह्यली."

बाई, त्या दिवसानंतर एकदाही शोधावं लागलं नाही.

आज शोधतेय.

मनापासून आदरांजली. जय भीम, बाई.