वळत्या हाताचा पटर

कुंदा कोठारेला गोल्फ म्हटलं की क्लबचा व्हरांडाच आठवायचा. रविवारी सकाळी मधुकर पांढरी टोपी चढवून मैदानात दिसेनासे व्हायचे आणि ही वेताच्या खुर्चीत लिंबाचं सरबत घेऊन बसायची. सरबत संपायचं, मासिक संपायचं, दुसऱ्या बायकांच्या भिशीच्या गप्पाही संपायच्या. मधुकर मात्र यायचे नाहीत. आले की मग घरी पोचेपर्यंत कुठला चेंडू कुठे गेला ते ऐकायचं.

मधुकर माहुलच्या एका केमिकल कंपनीत मोठ्या हुद्द्यावर होते आणि चेंबूरच्या गोल्फ क्लबाची मेंबरशिप त्यांना कंपनीकडूनच मिळाली होती. कुंदा घाटकोपरच्या एका शाळेत चित्रकला शिकवायची. बाई बारीक, शिडशिडीत, बोलायला मऊ. पण फळ्याशी उभी राहिली की वेगळीच दिसायची. कंपास नाही, दोरा नाही, खडू टेकवून खांद्यातून हात असा फिरवायची की एका दमात गोल पुरा. सातवीतली दांडगट पोरंसुद्धा तेवढा वेळ गप्प बसायची.

शहाऐंशी सालच्या जानेवारीत क्लबात सूचना लागली. फेब्रुवारीत सभासदांच्या कुटुंबांचा मेळावा, आणि त्यात बायकांसाठी पटिंगची स्पर्धा. म्हणजे लांबलचक फटके मारायचे नाहीत. फक्त पटर नावाच्या आखूड काठीनं हिरवळीवरच्या भोकात चेंडू हलकेच ढकलायचा. मधुकरनी कुंदाचं नाव परस्पर देऊन टाकलं.

"अहो, मला विचारायचं तरी," ती म्हणाली.

"त्यात काय विचारायचं? जिला केरसुणी धरता येते तिला पटर धरता येतो."

"मग उद्यापासून केर तुम्ही काढा. बघू तुम्हाला कोणतं बक्षीस मिळतं."

मधुकर हसले, आणि कपाटातून फ्लॅनेलच्या कापडात गुंडाळलेला आपला पटर काढून त्यांनी तिच्या हातात दिला. जपानच्या दौऱ्यातून आणलेला. त्याचं डोकं जाडजूड, अर्ध्या चंद्रासारखं. या पटरला ते स्वतःखेरीज कुणाला हात लावू देत नसत, त्यामुळे कुंदाला नाही म्हणवेना.

हॉलमध्ये सतरंजी पसरली गेली. टोकाला स्टीलची वाटी आडवी ठेवली. मधुकर सोफ्यावर बसून शिकवू लागले. "सरळ मागे, सरळ पुढे. रुळावरून गाडी जाते तसा. मनगट हलवायचं नाही."

पहिले दोन दिवस तिनं नवऱ्याचं मन राखण्यापुरतं खेळून घेतलं. तिसऱ्या दिवशी चेंडू टणकन वाटीत शिरला आणि कुंदाच्या अंगातून काहीतरी सर्रकन गेलं. आणखी एकदा, म्हणून तिनं चेंडू उचलून आणला. मग आणखी एकदा. गॅसवर कुकरच्या शिट्या होत राहिल्या. वरण पार गाळ झालं, आणि तेव्हा कुठे बाई भानावर आल्या. दुसऱ्या दिवशी खालच्या मजल्यावरच्या सुंदराबाई, वर कसली टकटक चाललीय ते विचारायला आल्या आणि स्वतःच चार चेंडू मारून गेल्या.

आता शाळेतून घरी आली की पर्स टाकायची आणि पटर उचलायचा, असं सुरू झालं. पण एक गोष्ट काही केल्या सुधारेना. चेंडू वाटीच्या डाव्या बाजूनं निघून जायचा. दहातले सात-आठ डावीकडेच. मधुकर म्हणायचे, तू सरळ मारत नाहीस. मग ती दात आवळून सरळ मारायची. खांदे दगडासारखे व्हायचे, मान दुखायची, आणि चेंडू पुन्हा डावीकडे.

स्पर्धेला आठवडा राहिला. रविवारी मधुकर खेळायला गेल्यावर कुंदा व्हरांड्यात न बसता पटर घेऊन सरावाच्या हिरवळीवर गेली. कोपऱ्यात डॉक्टर जयंती वागळे सराव करत होत्या. ठेंगणी, उन्हानं रापलेली, खाकी टोपीतली बाई. चेंबूरमधली निम्मी पोरं आपल्याच हातची, असं त्या अभिमानानं सांगायच्या. क्लबात नियमानं खेळणाऱ्या मोजक्या बायकांत त्या होत्या. थोडा वेळ त्यांनी कुंदाकडे नुसतं पाहिलं आणि मग त्यांना राहवेना.

"तुला असं खांबासारखं उभं राहायला कुणी सांगितलं गं?"

"ह्यांनी."

"ते त्यांचं झालं. तुझं काय? तो होल विसर. डोळे मीट आणि नुसता हात हलव. चेंडू कुठेही जाऊ दे."

कुंदानं डोळे मिटले. पटर मागे गेला, पुढे आला.

"परत," डॉक्टर म्हणाल्या. "परत. हं, आता डोळे उघडून हात तसाच हलव आणि पटरचं डोकं कुठून जातंय ते बघ."

कुंदानं पाहिलं. डोकं रुळावरून जातच नव्हतं. मागे जाताना ते तिच्या पायांच्या बाजूला आत वळत होतं, पुढे येऊन चेंडूची जागा ओलांडली की पुन्हा आत. एक बारीकशी कमान. चार वेळा हात हलवला, चारही वेळा तीच कमान. आणि तिच्या एकदम लक्षात आलं की हा हात आपल्या ओळखीचा आहे. खांद्यातून फिरणारा, फळ्यावरचा. वीस वर्षं जो हात गोल काढत आला त्याला आपण रूळ आखायला सांगत होतो.

"मी गोलात मारते," ती म्हणाली.

"मार ना. वाईट काही नाही त्यात. मी सरळ मारते, तुझा नवरा सरळ मारतो, तू गोलात मारतेस. पण मग हा पटर तुझ्या कामाचा नाही. इकडे आण."

डॉक्टरांनी मधुकरचा पटर घेऊन त्याची दांडी बोटावर आडवी तोलून धरली. जाडजूड डोक्याचा सपाट चेहरा आभाळाकडे पाहत स्थिर राहिला. "बघ. हा सरळ जाणाऱ्या हाताचा. तुझा हात वळतो, हा त्याच्याबरोबर वळायला तयार नाही. मग तू त्याला दामटतेस आणि तो डावीकडे तोंड फिरवतो. थांब जरा."

त्या गाडीपाशी गेल्या आणि डिकीतून आणखी दोन पटर घेऊन आल्या. एकाची दांडी डोक्याच्या बरोबर मधोमध बसवलेली. दुसरा अगदी साधा, सुरीच्या पात्यासारखा पातळ, पितळेच्या रंगाचा. तो बोटावर तोलला तर त्याचं टोक जमिनीकडे झुकलं.

"हे झुकणारं वळत्या हाताला मानवतं म्हणतात. म्हणतात हं. तुझं तू मारून बघ. आवडीवर जाऊ नकोस, चेंडू कुठे जातो ते बघ."

कुंदानं आधी मधल्या दांडीचा घेतला. तो हातात हलका वाटला, पण चेंडू कधी इकडे, कधी तिकडे. हाताला त्याचा अंदाजच येईना. मग पातळ घेतला. दांडी तिला लांब होत होती म्हणून पकड थोडी खाली घेतली. मनाशी ठरवलं, सरळबिरळ काही नाही, आपल्याला येतं तसंच. पटर मागे जाताना आपणहून उघडला आणि येताना आपणहून मिटला, दार उघडून लागावं तसा. चेंडू होलमध्ये पडला. दुसरा काठावरून फिरून आत. तिसरा थोडा अलीकडे थांबला, पण रेषेत. कुंदानं लगेच चौथा चेंडू मांडला.

"घेऊन जा," डॉक्टर म्हणाल्या. "मला तो कधी मानवला नाही. डिकीत पडून असतो."

खरी अडचण पुढे होती. फियाटमध्ये बसल्यावर मधुकरचं लक्ष तिच्या मांडीवरच्या पटरकडे गेलं. "हे काय?"

तिनं सगळं सांगितलं. मधुकरनी ते ऐकून घेतलं आणि सिग्नल सुटल्यावर गिअर टाकला. "जपानहून आणलाय तो," ते म्हणाले.

"माहीत आहे मला. म्हणून तर इतके दिवस रेटला."

घरी आल्यावर मात्र ते स्वतःच सतरंजीवर उभे राहिले. "दे बघू तो पातळ." त्यांनी मारला, चेंडू वाटीच्या उजवीकडून गेला. पुन्हा मारला, पुन्हा उजवीकडे. पाचव्यांदा चेंडू कपाटाखाली गेला. तो काढायला ते गुडघ्यांवर बसले आणि तिथूनच म्हणाले, "मला नाही हा जमत."

"नाही ना? तसाच मला तो."

मधुकर कपाटाखाली हात घालून हसायला लागले. मग त्यांनी जपानी पटर फ्लॅनेलमध्ये गुंडाळून ठेवला आणि कुंदाच्या उंचीच्या मानानं पकड कुठे यावी तिथे चिकटपट्टी लावून दिली.

स्पर्धेच्या सकाळी गवत दवानं ओलं होतं आणि चेंडू संथ धावत होता. हिरवळीवर जागोजागी होल पाडून चिमुकलं अठरा होलांचं मैदान केलेलं. बायका साड्या खोचून, ओढण्या बांधून, कुणी चक्क अनवाणी खेळत होत्या. कुंदानं साडी न नेसता नीताचा, म्हणजे कॉलेजातल्या लेकीचा, पंजाबी ड्रेस घातला होता. पहिल्या होलला तिनं इतकं भीत भीत मारलं की चेंडू निम्म्यावरच थांबला. मधुकर पलीकडे दोरीपाशी उभे होते. काहीतरी सांगावं म्हणून ते दोरीवरून वाकले, आणि मग टोपी सारखी करून मागे झाले.

चौथ्या होलपासून हात सुटला. एक लांबचा एका फटक्यात गेला. मग दुसरा. ऊन चढलं, दव उडालं, चेंडू वेगानं पळू लागला तशी कुंदाही आपला जोर बेतत गेली. बाजूनं भिशीच्या बायका तिच्यामागे चालायला लागल्या. शेवटचा होल झाला आणि सेक्रेटरींनी फळ्यावर आकडे लिहिले, तेव्हा पहिल्या नंबरावर दोन नावं सारखी होती. कुंदा कोठारे आणि डॉक्टर जयंती वागळे.

"वाट लागली," कुंदा पुटपुटली.

"माझी की तुझी?" डॉक्टरांनी विचारलं.

दोघींनी पुन्हा खेळायचं ठरलं. पहिल्या होलला दोघींनाही दोन-दोन फटके लागले. दुसरा होल उताराचा, उजवीकडून डावीकडे उतरता. डॉक्टर आधी. त्यांचा जाड पटर आखल्यासारखा सरळ मागे गेला, सरळ पुढे आला. चेंडू उतारावरून वळत आला, होलच्या ओठावर टेकला आणि तिथेच राहिला. बघणाऱ्यांनी सुस्कारा सोडला.

कुंदा चेंडूशी उभी राहिली. तिला ती वाट दिसत होती, गवतावर कुणी खडूनं वाकडी रेघ ओढून ठेवल्यासारखी. हात गार आणि शांत होते. तिनं चेंडू होलकडे मारलाच नाही. उजवीकडे, वरच्या अंगाला मारला. चेंडू चढला, रेंगाळला, मग वळून उतरू लागला. उतरत उतरत वेग घेतला, डॉक्टरांच्या चेंडूला न शिवता बाजूनं गेला आणि आत पडला. आवाज अगदी बारीक झाला. मग टाळ्या.

मधुकरनी शेजारच्या अनोळखी गृहस्थांचा दंड गच्च धरून ठेवला होता. त्या बिचाऱ्यांना टाळ्या वाजवता येईनात.

"झकास," डॉक्टर म्हणाल्या आणि त्यांनी कुंदाला मिठी मारली. "माझ्याच पटरनं मला पाडलंस. आता तो तुझ्याकडेच राहू दे, मला त्याचं तोंड बघायचं नाही."

बक्षीस म्हणून कॅसरोलचा सेट मिळाला. गाडीत तो मागच्या सीटवर खडखडत होता आणि कुंदा एकसारखी बोलत होती: सातव्या होलला काय झालं, अकराव्याला चेंडू कसा काठावर फिरला, दव असताना किती जोर लागतो. मधुकर ऐकत होते. घर आलं तरी ती उतरेना.

"अहो, मला पुरता खेळ शिकायचाय. लांबचे फटके, सगळं."

"सोपं नाही ते, कुंदा. घाम निघतो."

"निघू दे."

मार्चमध्ये परीक्षांच्या आधीच्या रविवारी ती मधुकरबरोबर पहिल्यांदा खऱ्या मैदानावर उतरली. पहिला फटका हवेत गेला, चेंडू जागच्या जागी. दुसऱ्याला तो फूटभर सरकला. तिसरा बाभळीत शिरला. पहिल्या होलच्या हिरवळीपर्यंत पोचायला इतका वेळ लागला की मागून येणाऱ्या तिघांना त्यांनी पुढे जाऊ दिलं. कुंदाचं तोंड लालबुंद झालं होतं, बुटात माती गेली होती, केस सुटले होते. हिरवळीवर आल्यावर तिनं पिशवीतून पातळ पटर काढला, चेंडूमागे उकिडवी बसून उतार पाहिला, आणि लांबवरून एका फटक्यात चेंडू आत घातला.

मग झेंडा पुन्हा होलमध्ये लावला, चेंडू रुमालानं पुसला आणि मधुकरना विचारलं, "पुढचा होल कुठल्या बाजूला?"