लाइट लावली की डिझेल वाढतं

बायको गेल्यापासून मी हत्यारांची पेटी पलंगाखालून काढली नव्हती. उभा जन्म गाड्यांच्या वायरिंगचं काम केलं. परळला फुटपाथला लागून माझा एक टपरीवजा खोका होता. आता हात थरथरतो, आणि खरं सांगायचं तर मनही लागत नव्हतं. कोणी गाडी घेऊन आलं की सांगायचो, दुसरीकडे जा बाबा.

पण मेहुण्याला तसं कसं सांगणार? बायकोचा धाकटा भाऊ. लालबागला राहतो, बोलतो अजून मालवणीच. त्याचा जुना ट्रक आहे, त्याच्यावरच घर चालतं. पहाटे अंधारात वाशीहून भाजी उचलायची आणि दादरच्या मार्केटात टाकायची. त्या दिवशी मी जेवायला बसलो होतो, तर चप्पल न काढताच दारात उभा राहिला.

"भावोजी, ट्रक उद्या भंगारात देतंय."

"आधी पाणी पी."

"इंजिन गेला. मीटरचो काटो लालात जाता. गॅरेजवालो म्हणता, इंजिन खोलूक होया. ता माका परवडना नाय. भंगारवालो सकाळी येतलो."

त्याला दुसरं काही येत नाही. ट्रक गेला तर या वयात कोणाच्या तरी गाडीवर ड्रायव्हर म्हणून उभं राहावं लागणार.

"रेडिएटरमधलं पाणी कमी होतं का?"

"नाय. तेवढाच आसता."

"वाफ?"

"वाफ नाय."

मी ताटावरून उठलो. इंजिन तापलं की पाणी कमी होतं, वाफ येते, वास येतो. नुसता काटा चढतो म्हणजे काय? पलंगाखालून पेटी ओढली तर वर धुळीचा थर.

ट्रक आमच्या चाळीखालीच लावला होता. परवाच्या दसऱ्याला त्याने स्वतःच नवा रंग मारला होता आणि काचेवर पिवळ्या अक्षरांत लिहून घेतलं होतं, 'ताईची कृपा'. मी ते आधी पाहिलं होतं. आज त्या अक्षरांवरून हात फिरवला आणि केबिनमध्ये चढलो.

इंजिन बराच वेळ चालू ठेवलं. काटा मधोमध.

"कुठे जातोय लालात?"

"आता नाय. पहाटे जाता."

"पहाटेच्या गारव्यात जास्त तापतं तुझं इंजिन? लाइट लाव."

त्याने लाइट लावली आणि काटा टुणकन उडी मारून लालात गेला. शेजारचा डिझेलचा काटाही पार वर.

"डिझेल किती आहे?"

"पाव टाकी."

"लाइट लावली की डिझेल वाढतं होय रे? मग पंपावर कशाला जातोस?"

तो काट्याकडेच बघत राहिला. मी मात्र कितीतरी दिवसांनी हसलो. एका क्षणात इंजिन तापत नाही. भानगड इंजिनात नव्हती, वायरीत होती. गॅरेजवाल्यालाही दोष देत नाही मी. लालात गेलेला काटा बघून कोणीही इंजिनच खोलायला सांगेल.

पहिल्यांदा मला वाटलं मीटरच्या मागची वायर सुटली असेल. डॅशबोर्डखाली डोकं घातलं. मेहुणा टॉर्च धरून बसला, पण उजेड सगळा माझ्या डोळ्यांत.

"अरे, माझं तोंड काय बघतोस? वायरीवर धर."

माझी बायको खोक्यावर डबा घेऊन यायची तेव्हा टॉर्च धरायची. हात जाईल तिथे उजेड आपोआप यायचा, सांगावं लागायचं नाही.

मेहुणा म्हणाला, "ताईसारखा माका जमाचा नाय."

मग त्याने टॉर्च माझ्या हातांजवळ आणला.

तिथे काहीच सापडलं नाही, कंबर मात्र धरली. मग एक लांब वायर घेतली, एक टोक बॅटरीच्या निगेटिव्हला, दुसरं केबिनच्या कोऱ्या लोखंडाला टेकवलं. लाइट एकदम भक्कन वाढली आणि दोन्ही काटे खाली आले. वायर उचलली, परत वर. कळलं. दिव्यातून गेलेला करंट लोखंडातूनच बॅटरीला परत जातो, त्याला आम्ही अर्थ म्हणतो. ती परतीची वाट बंद झाली की करंट मिळेल तिथून घुसतो, मीटरमधूनसुद्धा.

केबिनपासून चेसीला, म्हणजे खालच्या सांगाड्याला जाणारी अर्थची पट्टी बघितली. बोल्ट घट्ट होता. पट्टीला चकचकीत निळा रंग.

"ही काढली होतीस?"

"होय. ताईचा नाव टाकूचा होता ना, म्हटला खालपासून नीट रंगवूया. पट्टी काढलंय, खाली दोन हात मारलंय, पट्टीकय मारलंय. मगे घट्ट लावलंय."

माझ्या मनात आलं, खोटं सांगावं. पट्टी जुनी झाली म्हणावं. पण पुढच्या दसऱ्याला हा परत तेच करणार.

"तुझ्या रंगाने केलंय हे. रंगातून करंट जात नाही."

तो फुटपाथच्या कडेला बसला. "म्हंजे ताईच्या नावान मीच गाडी भंगारात घालीत होतंय."

"रडू नकोस. माया बाहेरून लाव पाहिजे तेवढी, बोल्टखाली कोरं लोखंड लागतं. हा घे पॉलिश पेपर."

माझा हात थरथरतो म्हणून त्यालाच घासायला लावलं. लोखंड पांढरं दिसेपर्यंत घासलं त्याने, नको तेवढं. पट्टी लावली, बोल्ट आवळला.

पण खात्री करायची तर गाडी गर्दीत तापवायला हवी. दिवेलागणीला दोघे निघालो. परळच्या पुलाखाली नेहमीसारखा जाम. लाइट चालू, इंजिन चालू, गाडी जागच्या जागी. तो स्टिअरिंग घट्ट धरून काट्याकडे बघत होता. काटा मधोमध उभा, हलायला तयार नाही.

त्याने तिथेच हँडब्रेक ओढून भंगारवाल्याला फोन लावला.

"भाई, गाडी नहीं देनेका."

"क्यूँ, दाम कम लगा क्या?"

"नहीं रे. इंजिन अच्छा है."

"तो जास्ती देता ना!"

मी फोनला तोंड लावून म्हटलं, "सुबह मत आना. गाडी वाशी में रहेगी."

मेहुणा मोठ्याने हसला. हसताना त्याची हनुवटी तिच्यासारखी दुमडते, हे मला इतक्या वर्षांत दिसलं नव्हतं. मागचे हॉर्न मारायला लागले, पुढची बस सरकली होती.

"हसतोस काय," मी म्हटलं, "गाडी काढ."