दोन सूत

पत्र्यावर हात फिरवताना आप्पा डोळे मिटून घ्यायचे. तळहात नव्हे, उलटा हात. बोटांची पाठ पत्र्यावरून सावकाश सरकायची आणि मध्येच थांबायची. "हितं हाय बग." आपण डोळे फाडून बघितलं तरी तिथं काही दिसायचं नाही. मग ते हातोडीचे चार ठोके द्यायचे, पुन्हा उलटा हात फिरवायचे आणि मान हलवायचे. कोणी घाई करायला लागलं की उत्तर ठरलेलं होतं, "गडबड काय हाय?"

मी रेणापूरचा पेंटर. दुकानांच्या पाट्या, शाळेच्या भिंती, गाड्यांच्या नंबरप्लेटा. फ्लेक्स आल्यापासून निम्मा धंदा बसला, पण तोंड काही बसलं नाही, असं माझी बायको म्हणते. त्या तोंडामुळंच हे सगळं सांगायची वेळ आली. आप्पांचं डेंटिंगचं दुकान माझ्या दुकानासमोर होतं. ठोकर खाल्लेली गाडी ते सरळ करायचे, मग मी तिच्यावर नंबर टाकायचो. वीस वर्षं आमचं असं चाललं. कपाळावर भस्माचे तीन पट्टे, गळ्यात लिंग, आणि नखांत कायमचं काळं ग्रीस. एकदा एक जण काकुळतीला आला, जीप द्या, लग्नाला जायचंय म्हणाला. आप्पांनी विचारलं, लग्न कधी? परवा, तो म्हणाला. "मग यष्टीनं जा," आप्पा म्हणाले आणि पुन्हा डोळे मिटून घेतले.

तुमच्याही गावात असा एखादा मिस्त्री असेल. काम सोन्यासारखं, पण गाडी टाकली की विसरून जायचं. आम्ही सगळे त्यांना हसायचो. मीच जास्त.

वैनींचं, म्हणजे आप्पांच्या बायकोचं, दुखणं सुरू झालं आणि त्यांनी समोरचं दुकान बंद केलं. गच्चीवर कुरडया वाळत घालताना वैनी पाय घसरून खाली पडल्या आणि पाठीचा मणका गेला. लातूर झालं, नांदेड झालं. शेवटी एवढंच उरलं की उताणं झोपून राहायचं. कोणी उशीला टेकवून बसवलं तर दोन मिनिटांत चेहरा पांढराफटक पडायचा. पुढच्या खोलीत खिडकीला लागून त्यांची बाज होती, आणि खिडकीतून अंगण.

वैनींचं माहेर जळकोट. भावाचं शेत तिथंच. भेटायला गेलेल्या प्रत्येकाला त्या हसून एकच सांगायच्या, "करडई फुललेली असताना एकदा ते शिवार बघितलं की मी मोकळी." त्या हे म्हणाल्या की आप्पा उठून बाहेर जायचे. मला वाटायचं, बायकोचं तेच तेच ऐकून माणूस कंटाळला असेल. काय कळत होतं मला!

जायचं कसं, हा प्रश्न होता. बसता येत नाही म्हटल्यावर जीप नाही, रिक्षा नाही. मी ॲम्ब्युलन्सचं सुचवलं तर वैनी माझ्यावरच उखडल्या. म्हणाल्या, माहेरच्या रस्त्याला ॲम्ब्युलन्स वळली की सगळं गाव रडत बाहेर येईल, मी जिती हाय अजून. बरं, टेम्पोत बाज टाकावी, तर तिथं आप्पा आडवे. टेम्पोत कांदे जातात, म्हणाले.

मग त्यांनी ती मोटार आणली. तिची गोष्ट सगळ्या रेणापूरला माहीत होती. आप्पा तरुणपणी एका आडत्याकडे ड्रायव्हर होते. त्यांचं लग्न ठरलं तेव्हा शेटजी म्हणाले, नवरी आपल्या मोटारीतून आण. चालवायला दुसरं कोणी नव्हतं, म्हणून बाशिंग सीटवर ठेवून नवरदेवानं स्वतःच गाडी चालवली. वैनी सांगायच्या, "ह्यांनी एकदाबी मागं वळून बगितलं न्हाई. आरशातूनच बगत हुते." पुढं शेटजी गेले, मोटार गोदामामागं गंजत पडली, तिच्या सीटमध्ये कोंबड्या अंडी घालायला लागल्या. शेटजींच्या मुलांनी ती आप्पांना देऊन टाकली. ट्रॅक्टरनं ओढत ती अंगणात आली तेव्हा वैनींनी बाजेवरून हात जोडले.

त्या मोटारीचा मागचा अर्धा भाग आप्पांनी कापला आणि पिकअप करायला घेतली. बाजेचं माप सुतळीनं घेतलं. नांदेडच्या भंगार बाजारातून पत्रा आणला, तोही एकेक तुकडा उलट्या हातानं तपासून. दणके बसू नयेत म्हणून स्प्रिंगचे पाटे कमी केले. एक दिवस मला बोलावलं आणि स्वतः मागच्या हौद्यात उताणे पडले. मी गाडी अंगणभर ढकलायची आणि यांनी वर डोळे मिटून पडायचं! घामानं माझा शर्ट भिजला. उठून म्हणाले, "डाव्या कुशीला लागतंय जरा." झालं, सगळे पाटे पुन्हा बाहेर. कोणी विचारलं की असली कापलेली गाडी आरटीओ पास कशी करणार, तर म्हणायचे, मी कुठं मुंबईला चाललोय, जळकोटला चाललोय.

काम तीन महिन्यांचं होतं. एक करडई फुलून गेली, काढणी झाली, पाऊसकाळ सरला, पिकअप अंगणातच. कधी दाराची बिजागरी पुन्हा, कधी मडगार्ड पुन्हा. मी चिडून एकदा म्हणालो, आप्पा, ताजमहाल बांधताय का? तेच उत्तर मिळालं, गडबड काय हाय? वैनींची मात्र तक्रार नव्हती. हातोडीचा आवाज आला की बरं वाटतं म्हणायच्या, काम चाललंय एवढं कळतं. त्या वर्षात त्या निम्म्या झाल्या होत्या. मनगटातल्या बांगड्या कोपरापर्यंत जायच्या.

दुसरी करडई फुलायला आली तेव्हा पिकअप एकदाची तयार झाली. रंग लग्नातलाच, सायीसारखा. हौद्याचं मागचं दार, म्हणजे फाळका, बसला. वैनींनी सांगितलं, यष्टीच्या पाटीसारखं त्यावर गावाचं नाव टाका, मी कुठं चालले ते लोकांना कळू द्या. म्हणून मी ब्रश घेऊन गेलो. सोमवारी निघायचं ठरलं होतं. भावाला निरोपही गेला होता.

आता माझी अक्कल ऐका. मी जन्मभर भिंती रंगवलेला माणूस. अक्षरं उभी सरळ यावीत म्हणून भिंतीला ओळंबा लावतो, दोरीला टांगलेलं वजन, दुसरं काही नाही. नंबरप्लेटा दुकानात टेबलावर होतात, उभ्या गाडीवर लिहायची वेळ सहसा येत नाही. सवयीनं मी फाळक्याला ओळंबा लावला. दोरी आणि फाळक्याची कड जुळेना. वर चिकटलेली, खाली फट. पट्टी लावून बघितलं आणि मोठ्या ऐटीत म्हणालो, "आप्पा, दोन सूत तिरपा हाय तुमचा फाळका."

दोन सूत म्हणजे पाव इंच. गाडी जळकोटला नाही, चंद्रावर गेली असती तरी कोणाला दिसलं नसतं. पण इतक्या वर्षांत आप्पांची चूक पहिल्यांदा सापडली होती, आणि मला ती गिळवली नाही.

आप्पांनी माझ्याकडे बघितलं. बराच वेळ बघितलं. मग फाळक्यावरून उलटा हात फिरवला, पाना घेतला आणि बोल्ट सोडायला लागले. आतून वैनींनी विचारलं, काय झालं? आप्पांनी सांगितलं, जरा तिरपं हाय, काढून बसवतो.  मग त्या म्हणाल्या, "होऊ द्या. मी कुठं पळून चाललेय?"

सोमवार टळला. त्यांचं घर माझ्या दुकानामागच्या बोळात. नऊ दिवस मी ठक ठक ऐकत होतो. दहाव्या सकाळी आवाज आला नाही, आणि चहा हातात असतानाच मला कळलं.

मी त्यांच्यातला नाही, पण शेजार आहे, रीत माहीत आहे. लिंगायतांत माणसाला आडवं नेत नाहीत, बसवून नेतात. अंग ताठायच्या आत भिंतीला टेकवून मांडी घालतात, भस्म लावतात, तळहातावर लिंग ठेवतात. तीन वर्षं जिला दोन मिनिटंसुद्धा बसवत नव्हतं, तिला चौघांनी धरून उचललं. आप्पा तोपर्यंत दाराशी उभे होते. तेवढ्यात पुढं झाले आणि म्हणाले, "हळू. पाठ दुखती तिची."

तिथं असलेल्या एकाही माणसाला वर बघवेना. स्वामींचा मंत्रसुद्धा थांबला.

कोणी तरी म्हणालं, पिकअपमधूनच नेऊ या, वैनींसाठीच केलीय ना. आप्पांनी मान हलवली. ती झोपून जायची गाडी हाय, म्हणाले. वैनी ट्रॅक्टरच्या ट्रॉलीतून गेल्या, फुलांच्या मखरात, ताठ बसून. पिकअप फाळक्याशिवाय अंगणात राहिली. आम्ही मातीवरून परत आलो तेव्हा दारात घागरीनं पाय धुतले. पाणी पिकअपच्या खालून सरळ मोरीकडे गेलं. मी बघत होतो, पण डोक्यात काही शिरलं नाही.

त्या दिवसांत मला जेवण जाईना. बायकोला सांगितलं, माझ्या जिभेनं माणूस मारला. 

तेरवीनंतर एका दुपारी आप्पा खांद्यावर फाळका घेऊन माझ्या दुकानात आले. टेबलावर ठेवला. "नाव टाक," म्हणाले. मी पाय धरायला वाकलो तर त्यांनी दंडाला धरून उठवलं.

"फाळका सरळच हुता, पेंटर. अंगणाला उतार हाय मोरीकडं. गाडीच कलती उभी हुती."

मला पटकन कळेना. मग दोरीच्या टोकाचं वजन आठवलं, मोरीकडे जाणारं पाणी आठवलं, आणि मी खाली बसलो. अहो मग काढला कशाला, एवढंच तोंडातून निघालं.

आप्पा फाळक्यावरून उलटा हात फिरवत राहिले. डोळे मिटलेले. "शिवार बगितलं की मोकळी म्हणायची ती. मला ती मोकळी व्हायला नको हुती. गाडी तर कवाच झाली असती. मीच काढून काढून बसवत हुतो. तू दोन सूत म्हणालास, मला आयतं कारण मिळालं." जरा थांबून म्हणाले, "नऊ दिवस नुसत्या लाकडावर हातोडी मारत हुतो. तिला आत आवाज जावा म्हणून."

ते रडले नाहीत. मी रडलो. डोळे पुसत पुसत नाव टाकलं, लाल अक्षरांत, जळकोट. रंग वाळेपर्यंत आप्पा बाकावर बसून राहिले, आणि पहिल्यांदाच मी त्यांच्यामागं गडबड केली नाही.

दुसऱ्या दिवशी त्यांनी हौद्यात बाज टाकली, वर वैनींची वाकळ अंथरली आणि एकटेच गेले. भरधाव जाणाऱ्या जीपांच्या मागं सावकाश, खड्डे चुकवत. संध्याकाळी यष्टीनं परत आले. पिकअप तिथंच सोडून आले होते. करडई होती का, मी विचारलं. काढली हुती, म्हणाले.

उन्हाळ्याच्या तोंडाशी आप्पाही गेले. रीतीप्रमाणे बसवलं. माझी नजर त्यांच्या हातांवर होती. नखं पहिल्यांदाच स्वच्छ होती. कोणी तरी नीट धुतली असतील.

परवा एका शाळेच्या भिंतीच्या कामाला जळकोटला गेलो, तेव्हा वैनींच्या भावाच्या शेतावर जाऊन आलो. यंदाची करडई फुललेली होती, नजर जाईल तिथवर पिवळी. पिकअप बांधाला लावलेली. हौद्यात बाज तशीच, पावसानं विटलेली. माझी अक्षरं मात्र लालभडक होती.

भावानं मान जरा कलती करून फाळक्याकडं बघितलं. म्हणाला, "पेंटर, राग धरू नका, पण नाव जरा तिरपं पडलंय नव्हं?"

"नाव सरळ हाय, दादा," मी म्हणालो. "जमिनीला उतार हाय."

एवढं साधं बोलायला मला एक वर्ष उशीर झाला होता.