रुमाल टाकलेली जागा

नव्या राजधानीच्या रुंद, सुनसान रस्त्यावरून दोघं केव्हाचे चालत होते. वाटेतल्या थांब्यावर दुसरी बस आली, तीही अर्धी रिकामी. श्यामकांत सँडलचा पट्टा नीट करायला वाकला आणि बस निघून जाईपर्यंत वाकूनच राहिला. रमाच्या मनात आलं, पुढची आली की एकटीनंच चढून जावं. पण दिवस मावळत होता, आणि ज्या माणसानं मघाशी ढळढळीत दिसणाऱ्या दुभाजकावर गाडी चढवून बंद पाडली, त्याला मागे सोडून जाणं काही तिच्यानं होईना. आज तिची बस चुकली म्हणून ती त्याच्या गाडीत बसली होती. हे त्याचं फळ.

दोघं एकाच विभागात कामाला, जुन्या शहरातल्या पुरानी बस्तीत एकाच गल्लीत राहायला. कार्यालय इकडे आलं तेव्हा रमानं कर्मचाऱ्यांची बस धरली, श्यामकांतनं गाडी घेतली. काहून घेतली, असं विचारलं की त्याच्याजवळ कारणांची कमी नव्हती. बसमध्ये घाम येतो. बस वेळेवर सुटत नाही. बस महामाया मंदिरावरून जात नाही, मग देवीला हात जोडल्याशिवाय कामावर कसं जायचं? या शेवटच्या कारणानं रमाचं डोकंच फिरायचं. मंदिर त्याच्या दारापासून हाकेच्या अंतरावर. ती स्वतः रोज सकाळी पायी जाऊन यायची, आणि गाडी कुठं ठेवली असं देवीनं तिला कधी विचारलं नव्हतं.

आता डॉक्टरांनी काचबिंदू सांगून गाडी चालवणं बंद करायला सांगितलं होतं. तरी आजपर्यंत त्यानं गाडी रेटली, आणि आता या गृहस्थानं नोकरीच सोडायचं ठरवलं.

"भाऊजी, तुमची पोरगी देवश्री अजून शिकून राहिली. अन् तुम्ही बसपायी नोकरी सोडता?"

श्यामकांतनं खाली बघतच सांगितलं. बस सुरू झाली त्या पहिल्याच दिवशी, रमा रजेवर होती तेव्हा, खिडकीजवळच्या सीटवर एक रुमाल पडलेला दिसला. कोणी विसरलं असेल म्हणून त्यानं तो नीट घडी करून बाजूला ठेवला आणि बसला. ज्याचा रुमाल त्याची जागा, हा तिथला कायदा त्याला कुठं ठाऊक? तेवढ्यात दयाराम शिपाई चढला आणि सगळ्या बसदेखत म्हणाला, "बड़े बाबू, रुमाल नहीं दिखा? उठिए." लोक खिदळले. श्यामकांत दांडी धरून कार्यालयापर्यंत उभा राहिला. पुढच्याच महिन्यात दारात गाडी आली.

रमानं कपाळाला हात लावला. दयाराम केव्हाच रिटायर होऊन अभनपूरला शेती बघत होता.

"त्या बसमध्ये आता ते आठवणारं कोणी नाही, भाऊजी."

"मले आठवते ना."

एवढी वर्षं ती गाडी, ती देवी, आजचा तो दुभाजक, सगळं एका रुमालापायी. रमा रागानं चार पावलं पुढं निघाली. तेवढ्यात लांबून तिसऱ्या बसचे दिवे दिसले. मागं वळून पाहिलं तर श्यामकांत वाटेत आलेल्या थांब्याशी थांबला होता. खिशातून त्यानं इस्त्रीचा रुमाल काढला आणि तिच्यापुढं धरला.

"वहिनी, सकाळी तुम्ही आधी चढता. हा माझ्यासाठी टाकून ठेवसान? खिडकी नको, कडेची जागा चालते. तुमच्या हातचा कोणी उचलणार नाही."